चुन्याखाली गेलेले आकडे

हे गेल्यापासून दुपारी मला धड झोप लागत नाही, धड जागही येत नाही. त्या मधल्या तंद्रीत पुष्कळदा एक गल्ली समोर येते. ओल्या चुन्याचा वास येतो, भिंती इतक्या पांढऱ्या असतात की घरं जमिनीवर नसून धुक्यावर उभी आहेत असं वाटतं. ती गल्ली न्हावऱ्याच्या आसपासच्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही; का, ते पुढं कळेलच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए. होऊन पुण्याच्या एका संस्थेच्या आरोग्य पाहणीत लागले होते. माहेर दौंडला. तिथून एसटीनं त्या गावी जायचं, एका खोलीत राहायचं आणि घरोघर बसून विचारायचं: मुलं किती झाली, किती राहिली, घरात कुणाला कसला औषधोपचार चालू आहे. बाया आधी चहा ठेवत, मग हळूहळू बोलत. प्रत्येकीला मी सांगायची, "तुमचं नाव कुठंही जाणार नाही."

ते खरंही होतं. माझे कागद पुण्याला गेले की त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची आणि कॉम्प्युटर ती वाचायचा. त्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम एक तरुण लिहीत होता. पुढं तोच माझा नवरा झाला. तेव्हा मला तो फक्त चिठ्ठ्यांमधल्या नीटस अक्षरावरून माहीत होता. लोकांची नावं यंत्रात जाऊच नयेत, हा आग्रह त्याचाच. नावाऐवजी त्यानं घराचा नंबर घेतला. हिवतापवाल्यांनी फवारणीच्या वेळी प्रत्येक दाराशेजारी गेरूनं नंबर घातलेला होता, तो आयताच मिळाला. पुण्यात कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीतून तो नुसता आकडा दिसत होता. गावात तो भिंतीवर होता, वीतभर उंच.

यंत्रानं छापलेला तक्ता तपासणीसाठी माझ्याकडं यायचा होता. मी दौंडला गेलेली असताना तो पंचायतीत पोचला. तिथल्या शिपायाला सगळे आप्पा म्हणत. मतदारांची यादी येवो की रेशनची, छापील यादी म्हटली की ती खळ लावून चावडीवर डकवायची, हा आप्पांचा शिरस्ता. त्यांनी तक्ता डकवला, आणि कुठल्या रकान्यातल्या आकड्याचा अर्थ काय हे मराठीत समजावणारा, सोबत आलेला हातानं लिहिलेला कागदही शेजारी डकवला. अक्षर फार सुंदर होतं. कुणालाही वाचता आलं असतं.

मी एसटीतून उतरले तर चावडीसमोर ही गर्दी.

"गुरुजी, माझं घर बघा की! मशिननं काय लिवलंय?"

"आबा, तुमच्यात माणसं सात दावल्यात."

"आन् म्हस?"

"म्हशीचा रकाना न्हाई."

"मग कसलं मशीन! घरात कमावती तीच येकटी हाय."

हसणं चाललं होतं. गुरुजी वरच्या आळीपासून एकेक नंबर वाचत, आणि पोरं पळत जाऊन भिंतीवर तो कुठं आहे ते बघून येत. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. "खालची आळी सांच्याला," म्हणून गुरुजी गेले.

खालच्या आळीत एक बाई होती. तिला एक आजार होता, आणि तक्त्यात त्याचाही आकडा होता. त्याचं नाव मी अजूनही लिहिणार नाही. त्या काळी ते नाव ऐकलं की लोक पाण्याचा तांब्या वेगळा करायचे आणि सोयरीक मोडायचे. बहिणीकडं जाते म्हणून ती दौंडला यायची आणि दवाखान्यातून औषध न्यायची. हे घरच्यांखेरीज फक्त मला माहीत होतं. ती खोलीच्या दाराशी माझी वाट बघत उभी होती.

"बाई, पोरीची सुपारी फुटलीया वरवंडात. ही सोयरीक मोडली तर दुसरी यायची न्हाई. धाकटीलाबी न्हाई."

मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन तो कागद काढते."

"नगा. काढला की म्हणतील, कुणाचं झाकायला काढला?"

तिचं खरं होतं. दोघी उंबऱ्यावर बसलो. मग ती एकदम उठली. "न्हाईतरी लग्नाच्या आधी घर रंगवायचंच हाय," म्हणाली आणि चुना कालवायला गेली.

लग्नघर रंगवायचं तर भावकीतल्या बाया हाताखाली येतातच. पण एकच घर पांढरं झालं असतं तर तेच उठून दिसलं असतं. हे तिच्या चुलत सासूच्या ध्यानात आलं असावं. म्हातारी ओट्यावर बसून ओरडली, "वरात काय येकट्या तिच्याच दारावरनं जायची हाय व्हय? काढा की कुंचे!"

"आत्याबाई, आमचं कालवण चुलीवर हाय!"

"करपू दे. नवऱ्याला रोज काय साय लागतीया?"

कुणी कारण विचारलं नाही. आता वाटतं, प्रत्येकीच्या घरात एखादा रकाना होताच. एकीनं एरवी कुणालाही न सांगितलेल्या बाळाबद्दल मला सांगितलं होतं. ती सगळ्यांत भरभर हात चालवत होती. मीही पदर खोचला. गेरूवर पहिला हात बसला की आकडा गुलाबी व्हायचा, दुसऱ्या हाताला स्वप्नातल्यासारखा पुसट, आणि मग नसायचाच.

संध्याकाळी गुरुजी खालच्या आळीचे नंबर वाचू लागले. पोरं पळत गेली आणि पांढरे हात घेऊन परत आली. दोघातिघांना आपला नंबर आठवत होता. शेजाऱ्याचा कुणालाच नाही.

"आता आमी कोन म्हनायचं?" एकानं विचारलं. थोडा वेळ हसून लोक जेवायला गेले.

कुणाचं घर आणि कसला आजार, एवढं सोडून मी पुण्याला सगळं कळवलं. पत्राचं उत्तर आलं नाही. प्रोग्राम लिहिणारा तो तरुण स्वतःच आला. बराच वेळ त्या गल्लीत उभा राहिला. म्हणाला, "मी नाव काढलं आणि घर तसंच ठेवलं." परत जाऊन त्यानं सगळी कार्डं नव्यानं पाडून घेतली. आता घराला असा नंबर होता, जो भिंतीवर कुठंच नव्हता. कुठला नंबर कुणाचा, ते एका कागदावर फक्त माझ्याजवळ होतं. तपासणी संपल्यावर तो आम्ही दोघांनी चुलीत घातला.

वरवंडातलं लग्न झालं. ती बाई पुढं पूर्ण बरी झाली.

शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, यांनी डोळे मिटूनच विचारलं, "ते घर कुठलं होतं गं? आणि आजार?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती बाई तोवर जाऊनही पुष्कळ काळ लोटला होता. पण तिच्या मुली आहेत, नाती आहेत.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ते हसले. बरं वाटल्यासारखे हसले, आणि पाणी मागितलं.

सांगितलं असतं तर ते कुणाला सांगणार होते, असं आता कधीकधी मनात येतं. तरी नाही सांगितलं, तेच बरं.