बाबांच्या स्कूटरचा वास

आमच्या बाबांचा देवावर विश्वास नाही, पण दसऱ्याला स्कूटरची पूजा ते कधी चुकवत नाहीत. यातली विसंगती मी कॉलेजात असताना त्यांना दाखवून दिली होती. ते म्हणाले, "स्कूटर आहे हे सिद्ध करता येतं." सगळी नोकरी गिरगावातल्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसाशी वाद घालू नये.

स्कूटर जुनी, गिअरची. किक मारण्याआधी तिला एका अंगावर झुकवावं लागतं. खोताच्या वाडीला लागून आमचं घर आहे, त्याच्या लाकडी जिन्याखाली ती उभी असायची. लग्न होऊन मी शिवाजी पार्काजवळ राहायला गेले, तेव्हापासून दर गुरुवारी बाबा तिच्यावरून माझ्याकडे येतात. पूर्वी येताना मासे आणायचे. कल्ले उघडून, हुंगून, कोळणीशी तात्त्विक चर्चा करून घेतलेले. चार वर्षांपूर्वी साथीच्या तापातून ते उठले आणि मासे बंद होऊन पेरू येऊ लागले. वयाबरोबर आलेलं पथ्य असेल, असं मी समजले. घरात पुस्तकांची तीन कपाटं असून मला एवढंच वाचता आलं.

गेल्या दसऱ्याला गल्लीच्या मंडळानं सामुदायिक वाहनपूजन ठरवलं. मांडव, माईक, प्रमुख पाहुणे. मुहूर्त दहाचा होता, आणि प्रमुख पाहुण्यानं मुहूर्त पाळायचा नसतो. कुणाची तरी वाट बघत उन्हात स्कूटर उभी करणं बाबांना मान्य नव्हतं. "आपली आपण जिन्याखाली करू," ते म्हणाले. सकाळीच त्यांनी स्कूटर धुतली. मी दादरहून झेंडू नेले होते, त्यांचा हार केला आणि बाबा तो हँडलला घालायला खाली गेले. वर आईनं निरांजन लावून ताट माझ्या हातात दिलं. तिचं नाक लाल झालं होतं. तीन दिवस सर्दीनं बेजार होती.

ज्योतीवर तळहात धरून मी जिना उतरू लागले.

"थांब! ए पोरी, तिथंच थांब!"

मी पन्नाशीची आहे. मला अजून पोरी म्हणणारी एकच व्यक्ती उरली आहे: समोरच्या घरातल्या ख्रिस्ती बाई. त्या गाऊनवर, हातात कालथा घेऊन खिडकीत उभ्या होत्या. पूजेत माझं काही चुकलं असावं असं मला वाटलं. आमच्या सणांचे नियम त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

"पेट्रोल! पार माझ्या चुलीपर्यंत वास येतोय. मास्तर, पायाखाली बघ!"

बाबांनी पाहिलं. "पाणी आहे. आत्ताच धुतली."

"तुझ्या पाण्याला असा वास येतो?"

मी सातव्या पायरीवर होते. इतका वेळ नाकासमोर फक्त तूप आणि झेंडू होते. आता खालून तो वास आला. ज्वलनासाठी तीन गोष्टी लागतात, हे बाबांनी पिढ्यान्‌पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. इंधन त्यांच्या पायाशी होतं, हवा गिरगावात असते तेवढी होती, आणि तिसरी गोष्ट माझ्या हातात होती.

आमच्याकडे निरांजन फुंकून विझवत नाहीत. मी फुंकलं, वात बोटानं तुपात बुडवली आणि ताट तसंच वर नेलं. दारात उभ्या आईनं ते पाहिलं आणि वात स्वतःच आणखी खोल दाबली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी पुन्हा खाली आले तेव्हा बाबा वाकून वास घेत होते. एकदा घेतला. मग डोळे मिटून आणखी एकदा घेतला. मग माझ्याकडे वळले. अभ्यास न केलेली मुलं त्यांच्याकडे कशी बघत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

"येतोय का गं?" त्यांनी विचारलं.

कठडा धरून आई उतरली. "मला सर्दी आहे हो," ती म्हणाली. "तीन दिवस कळलंच नाही मला."

तिच्या सर्दीचा इथं काय संबंध, असं मी विचारणारच होते. मग हळूहळू संबंध लागला. आई रोज सकाळी, बाबा निघायच्या आधी, पायपुसणं झटकायला जिन्याखाली जाते. मला ती तिची स्वच्छतेची हौस वाटायची. ती स्कूटरचा वास घ्यायला जात होती. गॅसचा वास तीच घेत होती, दुधाचाही. ताप गेल्यावर बाबांना पुन्हा वास येऊ लागलाच नव्हता, हे तिला आपोआप कळलं होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. रोज एवढं काय झटकते, हे त्यांनीही कधी विचारलं नाही.

"किक मारून बाहेर काढतो," बाबा म्हणाले.

"नको!" तीन बायका एकदम ओरडल्या. खिडकीतून आणखी एक सूचना आली, "जिन्याचा दिवापण लावू नका रे!"

बाबांनी आणि मी ढकलत स्कूटर गल्लीत आणली. बाईंनी आपल्या पायरीवरच्या दोन कुंड्यांतली माती जिन्याखालच्या डागावर ओतली. मांडवात अध्यक्ष कापराची आरती घेऊन पाहुण्यांची वाट पाहत होते. आम्हाला बघून त्यांनी माईक उचलला. "या, मास्तर, या! पहिला मान तुमच्या गाडीला!"

"लांब राहा, टाकी गळतेय," मी ओरडले.

"देवाच्या दारात काही होत नाही, ताई."

"देव काय बंबवाला हाय?" बाई म्हणाल्या. त्यांना माईक लागत नाही.

आम्ही स्कूटर उलट्या दिशेला, गल्लीच्या पार टोकाला नेली. लालबागहून गॅरेजवाला आला, त्यानं उघड्यावर पेट्रोल काढून घेतलं आणि स्कूटर टेम्पोत घातली. तोवर पाहुणे येऊन वाहन आणि सुरक्षितता या विषयावर बोलून गेले होते.

तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन मी गॅरेजात गेले. टॅक्सीत एक वाक्य तयार केलं होतं. "बाबा, आता स्कूटर पुरे." त्याचे दोन सौम्य पर्यायही होते. स्कूटर गेली की गुरुवार जाईल हे मला कळत होतं. पण तो लाकडी जिनाही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

गॅरेजवाल्यानं टाकी उजेडात धरली. बूड आतून गंजून चाळणी झालं होतं.

"वेल्डिंग होईल?" बाबांनी विचारलं.

"मी नाही करणार, काका. लोकांना वाटतं रिकामी आहे म्हणजे काय होतंय. रिकामीच उडते. आत वाफ असते ना."

बाबांनी मान डोलावली. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं. मी घसा साफ केला.

"असं बघा," बाबा त्याला म्हणाले, "मला वास येत नाही. अजिबात. चार वर्षं झाली. गळली तर मला कळणार नाही. तेव्हा टाकी नवी, नळी नवी, जे जे बदलायचं ते सगळं बदला. आणि गाडी यापुढे जिन्याखाली राहणार नाही."

गॅरेजवाला फडक्याला हात पुसत म्हणाला, "मग घरच्यांना सांगून ठेवा, काका."

"सांगतोय ना," बाबा म्हणाले. ते टाकीकडेच बघत होते.

माझं वाक्य मी टॅक्सीतून तसंच परत आणलं.

आता स्कूटर बाईंच्या भिंतीला लागून उघड्यावर असते. निघताना बाबा तिच्याशेजारी उभे राहून मोठ्यानं विचारतात, "येतोय का?" वरून आई सांगते, समोरून बाई सांगतात. "नाय येत! जा आता!" दोघींचं एकमत झाल्याशिवाय किक मारायची नाही, असा नियम आहे. पायपुसणं आठवड्यातून एकदा झटकलं जातं.

गेल्या गुरुवारी बेल वाजली. बाबांच्या हातात पेरू नव्हते. त्यांनी पिशवी उघडून माझ्या नाकासमोर धरली. बोंबील होते.

"तुझी आई आली होती बाजारात, मागे बसून. तिनं निवडले, मग तिला घरी सोडून आलो. बघ."

मी वास घेतला. खोटं बोलावंसं वाटलं, पण आमच्या घरात आता तो प्रकार बंद आहे.

"कालचे आहेत, बाबा."

ते मनापासून खूश झाले. "म्हटलं होतं तिला! सर्दी झालीय तुला, कोळणीचं ऐकू नकोस."

"सर्दी? मग आज स्कूटरचा वास कोणी घेतला?"

"समोरच्या बाईंनी. खाली उतरून, टाकीला नाक लावून." चपला काढता काढता ते म्हणाले, "फोन कर आईला. सांग, पोचलो."