बारा बरण्यांतली नदी

एम.ए.ला मी घेतलेल्या विषयाचं नाव सांगितलं की लोक ते दोनदा विचारायचे. पर्यावरणीय मानव्यविद्या. वडिलांनी एकदाच विचारलं, "म्हणजे झाडं लावायची का?" मी म्हटलं, "नाही, झाडांबद्दल वाचायचं." ते "बरं" म्हणाले आणि उठून गेले. पुढच्या दोन वर्षांत या अभ्यासक्रमावर इतका नेमका अभिप्राय मला कुणाकडूनही ऐकायला मिळाला नाही.

आम्ही वर्गात अकराजण होतो. शिकवणारे सर परदेशात शिकून आलेले. ते नदीला नदी म्हणत नसत, 'जलदेह' म्हणत. "आपण नदीचा अभ्यास करत नाही," त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "आपण नदीसोबत विचार करतो." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं, कारण माझ्या शेजारची घेत होती. ही शेजारची कोथरूडची. घरासमोरून थेट विद्यापीठाची बस सुटायची, पण ही रोज स्कूटरवर यायची आणि कार्बन पाऊलखुणांवर निबंध लिहायची.

मग सरांनी प्रत्येकाला आपलं पाण्याशी असलेलं नातं सांगायला लावलं. कोथरूडवाली सहलीत पाहिलेल्या एका बारवेबद्दल बोलता बोलता रडली. माझी पाळी आली. मी लोणी काळभोरची. आमची शेतं नदीच्या कडेला आणि नदी पुण्याच्या खालच्या अंगाला. मी म्हटलं, "आमच्याकडे नदीचं पाणी अंगाला लागलं की खाज सुटते."

सरांचे डोळे चमकले. "हे जिवंत ज्ञान आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्या विभागाची अधिकृत नदीकाठवाली झाले. कुठलाही मुद्दा निघाला की सगळे माझ्याकडे वळून बघायचे. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. रोज बसमध्ये दीड तास उभं राहून आलेल्या मुलीला कुणीतरी वळून बघत होतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी वर्गाला आमच्या गावात आणलं. वातानुकूलित मिनीबस थेट बांधापर्यंत आली. काकी मेथी काढत होती. काकी म्हणजे माझी चुलती. तिची भाजी याच पाण्यावर होते, त्यामुळे दिवसातून दोनदा तिला नदीत उतरून मोटारीच्या तोंडाची जलपर्णी काढावी लागते. गुडघ्याखाली तिची कातडी काळी पडून भेगाळली आहे. कोथरूडवालीने तिच्या हातांचे फोटो काढले. पायांचे नाही, पाय बघवत नव्हते.

सर बांधावर मांडी घालून बसले. खाली त्यांनी आपली पिशवी अंथरली होती.

"मावशी, नदी तुमच्याशी काय बोलते?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"नदी कुठं बोलती?" काकी म्हणाली. "वास मारती."

सरांनी ते टिपून घेतलं. मग काकीने विचारलं, "सायेब, तुमी एवढी शिकल्याली माणसं. वरून घाण सोडत्यात ती कुणाला सांगून बंद हुईल का?"

सर हसले. त्या हसण्यात एवढी समजूत होती की मला आजही ते आठवलं की दात शिवशिवतात. "मावशी, आम्ही उत्तरं देत नाही. आम्ही प्रश्न विचारतो."

"प्रश्न मलाबी येत्यात," काकी म्हणाली आणि पुन्हा मेथी काढायला लागली.

परतताना बसमध्ये प्रदर्शनाची कल्पना निघाली. धरणापासून लोणीपर्यंत बारा ठिकाणचं पाणी बारा काचेच्या बरण्यांत भरायचं आणि एका रांगेत मांडायचं. बाकी काही नाही. कल्पना चांगली होती, हे मला कबूल करावं लागतं. शेवटची बरणी माझ्याकडे आली. मी कॅन घेऊन गावी गेले तेव्हा पायात नव्या सँडल होत्या. काकीने कॅन माझ्या हातातून घेतला, पाण्यात उतरली आणि भरून दिला. "बघायला येऊ का?" तिने विचारलं. मी "ये की" म्हटलं. येईल असं वाटलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बरण्या मांडल्या आणि झाकणं उघडली. अर्ध्या तासात हॉलमध्ये उभं राहवेना. हॉलचे व्यवस्थापक नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "हे इथे चालणार नाही." मला वाटलं, आता सर भांडतील. वर्षभर आम्हाला गंधाच्या राजकारणावर व्याख्यानं दिलेला माणूस होता तो.

सरांनी एक बरणी उजेडाला धरली. मग म्हणाले, "पाण्यापेक्षा पाण्याची कल्पना महत्त्वाची. रंग तेवढा राखू या."

एकानेही हरकत घेतली नाही. आम्ही नदी बेसिनमध्ये ओतली. बरण्या धुतल्या, नळाचं पाणी भरलं, कँटीनमधून कोऱ्या चहाचा अर्क आणला, कुंडीतली थोडी माती घेतली. अकराजण चमचे घेऊन नदी ढवळत होते. कोथरूडवालीला लोणीचा रंग जमेना. तिचा फार लालसर यायचा. मी तिच्या हातातला चमचा घेतला, मातीत थोडी चुलीची राख असती तर बरं, असं म्हणाले, आणि राख नव्हती म्हणून पेन्सिलीचं शिसं किसून घातलं. हुबेहूब रंग आला. सर म्हणाले, "याला म्हणतात जगलेला अनुभव." मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही.

काकी दुसऱ्या दिवशी आली. ठेवणीतली साडी, पायात मोजे. भेगा दिसू नयेत म्हणून घातले होते. ती रांगेतून हळूहळू चालत शेवटच्या बरणीपाशी आली, वाकली, वास घेतला.

"ह्ये आपलं न्हाय," ती म्हणाली.

"दोन दिवस ठेवलं ना काकी, वास उडाला," मी म्हटलं.

"झाकून ठिवलं की वास वाढतो. उडतो व्हय?"

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. "या मावशी, नदीच्या खऱ्या साक्षीदार." पाहुण्यांनी आग्रह केला, दोन शब्द बोला. कुणीतरी माईक काकीच्या हातात दिला. आता ही सगळ्यांसमोर सांगणार.

काकीने माईक तोंडापासून लांब धरला.

"हितलं पाणी चांगलं हाय," ती म्हणाली. "आमच्याकडंबी असलंच पाठवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे म्हणाले, काय विलक्षण रूपक आहे! कोथरूडवालीने तेच वाक्य पुढे आपल्या शोधनिबंधाचं शीर्षक केलं.

स्टॉपवर मी काकीला विचारलं, "तिथं बोलली का नाहीस?"

"तुजी साळा हाय ती," काकी म्हणाली. "तुजं नाव खराब झालं असतं." मग बस आली.

मी प्रबंधात त्या बरण्यांवर एक प्रकरण लिहिलं. बेसिन, चहा, शिसं, सगळं. सरांनी ते वाचून कोपऱ्यात लिहिलं, 'सैद्धांतिक चौकट कमकुवत. वगळल्यास प्रबंध सुटसुटीत होईल.' दोन दिवस मी तणतणले. तिसऱ्या दिवशी वगळलं. प्रबंध खरंच सुटसुटीत झाला. मला विभागात दुसरा क्रमांक मिळाला. वडिलांनी पेढे वाटले, काकीलाही दिले.

सरांना मी मनातल्या मनात बरीच वर्षं शिव्या घातल्या. त्या त्यांना लागू होत्याच. पण त्या बरणीतला रंग काही त्यांनी आणला नव्हता.

आता मी हिंजवडीत एका कंपनीसाठी पाणीबचतीचे अहवाल लिहिते. पुढच्या वर्षीच्या मुलांना सरांनी दुसऱ्या नदीवर नेलं. काकीने एकदा विचारलं, "त्ये तुजं सायेब परत आलं न्हाईत?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली, "बसनं बांध मोडला हुता."