गाण्यांचा स्टँडबाय

"याचा स्टँडबाय कुठंय?" कुठल्याही घरात शिरल्यावर काकांचं पहिलं वाक्य हेच. गॅस, छत्री, चष्मा, काहीही दिसलं की दुसरं कुठं ठेवलंय ते विचारायचे. आमच्या लग्नात दोन हार तयार बघून त्यांनी मला बाजूला घेतलं होतं, तिसऱ्याची चौकशी करायला.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात ते मेंटेनन्सला होते आणि मी त्यांच्याच हाताखाली. टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स शेजारी. पुढे त्यांनी टाउनशिपबाहेर, भोपाळमध्येच सोनागिरीत घर बांधलं तेव्हा शेजारचा प्लॉट मला घ्यायला लावला. तुम्ही टाउनशिपमध्ये राहिला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे घराची दुसरी किल्ली शेजारच्या घरात असते. आमची त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे. सोनागिरीतही ते तसंच चालू राहिलं.

काकू कॉलनीच्या गणेशोत्सवात गायच्या. काय आवाज होता! मग घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं संपलं. बोलणंसुद्धा कुजबुजण्याइतकंच उरलं. मागे राहिल्या त्या काकांनी पूर्वी घरी भरलेल्या कॅसेटी. प्रत्येक गाणं दोनदा, हे सांगायला नकोच. फिती इतक्या जुन्या झाल्या होत्या की कॉम्प्युटरवर एकदा उतरवून घेतल्यावर पुन्हा वाजल्याच नाहीत. आता तो आवाज ठेवायचा कुठे, याचा काकांना ध्यास लागला.

नेटवर्क ड्राइव्ह घ्यायचं ठरलं. घरच्या राउटरला जोडायचा डबा. एकदा त्यात गाणी भरली की घरातल्या कुठल्याही फोनवर वाजतात. दुकानात मी बरोबर होतो.

"अंकल, एक डिस्कवाला ले लो, घर के लिए बहुत है," दुकानदार म्हणाला.

"और भैया, वो बैठ गई तो?"

दोन डिस्कांचा डबा आला. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरणारा. डिस्कही त्यांनी दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. "एकाच घाण्यातल्या असल्या तर दोन्ही कच्च्या निघायच्या!"

गाणी त्यात भरली, जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला आणि डबा हवेशीर फळीवर बसला. रोज सकाळी काका त्यावर तळहात ठेवायचे. कारखान्यात मोटरला नुसता हात लावून तिची तब्येत सांगणारा माणूस तो. "कोमट आहे. ठीक चाललंय."

काकू कुजबुजायच्या, "मला ताप असताना कधी इतक्या प्रेमानं हात लावला नाही हो."

एका रविवारी काकांनी साफसफाई काढली. डब्यातले नको असलेले फोटो पुसताना गाण्यांचं फोल्डरही त्यांत गेलं. वर पुसलेल्या फायलींची टोपलीही त्यांनी रिकामी केली, कारण पसारा त्यांना खपत नसे. मला हाक मारली ती मात्र तोऱ्यातच. "घबराने की बात नहीं. दुसरीवर आहे ना."

मी दुसरी तपासली. ती पहिलीची इमानाने नक्कल करत होती. पहिलीनं पुसलं ते तिनंही त्याच क्षणी पुसलं होतं.

काका खाली बसले. "पहिल्या पंपाबरोबर जो बंद पडतो, तो स्टँडबाय कसला रे?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना हरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला ते बघवेना.

काकू दारातून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्याकडचं किल्लीचं पाकीट आण बरं."

मी आणलं. आत किल्लीबरोबर एक पेन ड्राइव्ह होता. पुण्याला लेकीकडे जाताना काकूंनी आमच्या हिच्याकडून गाणी त्यात भरून घेतली होती आणि किल्लीसोबत ठेवायला दिली होती.

"किल्ली शेजारी ठेवतो, मग गाणी का नाही?" काकू म्हणाल्या.

काकांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग इतके मोठ्यानं हसले की आमची ही धावत आली. "मॅडम, मेंटेनन्सला माझ्याऐवजी तुम्हालाच घ्यायला हवं होतं!"

लवकरच तसाच दुसरा डबा आमच्या घरी येऊन बसला. काकांच्या घरून त्यात रोज संध्याकाळी नवी नक्कल यायची, पण तिकडे पुसलेलं इकडे पुसलं जायचं नाही. आमच्या मुलांचे फोटो त्यांच्याकडे. "बस. आता कोणाचा बाप आला तरी आवाज जात नाही," काकांनी जाहीर केलं.

आता काका नाहीत. काकू पुण्याला असतात. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे आहे आणि डबाही. सकाळी चहाच्या आधी माझा हात त्यावर जातो. कोमट असतो. मला काकांची फार आठवण येते.

काकूंना पुण्यात बसूनही ती गाणी ऐकता येतात, लेकीनं शिकवलंय. तरी परवा फोन करून मलाच म्हणाल्या, "ते गौळणीचं लाव ना." मी लावलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. गाणं संपलं तसा मी बंद करायला गेलो.

"थांब," काकू कुजबुजल्या. "त्यासाठीच तर लावायला सांगितलं."

थोडी खरखर झाली. मग काकांचा तरुणपणीचा आवाज आला, "छान झालं. आता स्टँडबाय." आणि त्या वेळच्या काकू खळखळून हसल्या आणि तेच गाणं त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.