हात न लावता उठणारी पेटी

विजू गेल्याचं तिच्या भावाने, बाबलने, फोनवर सांगितलं. मी शाळेत होते, मधली सुट्टी होती, पोरांच्या गोंगाटात मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "विजू गेला गो, शुभाताय," तो परत म्हणाला. आमच्या मालवणीत बाईलाही 'गेला'च म्हणतात. गोव्याच्या इस्पितळात, डायलिसिस चालू असतानाच गेली. चाळिशी नुकती ओलांडली होती. दोन-तीन दिवसांनी पेपरात एवढीशी बातमी आली, 'संगणक दुरुस्ती करणाऱ्या विजयाताई यांचे निधन'. दुरुस्ती! विजूने हे वाचलं असतं तर त्याच पेपराची सुरळी करून वार्ताहराच्या पाठीत घातली असती. भेटायला येणारी माणसंही ओटीवर बसून एकच पालुपद लावून होती, बिचारी, एकटीच होती हो, काम अर्धवट राहिलं तिचं. घरात सुतक होतं म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही. विजू बिचारी नव्हती, आणि तिचं काम अर्धवट राहिलेलं नाही. ते कसं, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी मालवणला एका बाकावर शिकलो. मी मराठीची शिक्षिका झाले आणि ती इंजिनिअर होऊन अठ्ठ्याण्णव साली पुण्यात एका कंपनीत लागली. यंत्रांच्या पोटात तळहाताएवढे कॉम्प्युटर असतात, त्यांचं काम ती करायची. पाचेक वर्षांनी परत आली ती कायमची. गावाने परस्पर ठरवून टाकलं की नोकरी गेली, किंवा लग्न मोडलं, किंवा दोन्ही. मी विचारलं तर म्हणाली, "कंटाळलंय." गावाला तर तिने तेवढंही सांगितलं नाही. भांडायला मात्र ती कायम तयार. एसटीचा कंडक्टर, वायरमन, देवळातले मानकरी, कोणी सुटलं नाही. तिच्याबरोबर बाजारात जायचं तर मी मनाची तयारी करूनच निघायची.

तारकर्लीच्या वाटेवर आमची वाडी आहे. तिथे किनाऱ्यावर मच्छीमार सोसायटीची शेड आहे. विजूने त्या शेडीवर खांब उभारून वाऱ्याचा वेग मोजणारं भिरभिरं लावलं, हवेचा दाब मोजणारं यंत्र बसवलं, आणि दोन्ही एका पेटीला जोडून देवळातला जुना भोंगा वर चढवला. वारा धोक्याचा होऊ लागला की भोंग्याने ओरडायचं, म्हणजे होड्या वेळेत आत येतील. पेटीत तोच तळहाताएवढा कॉम्प्युटर. तो विकणाऱ्या कंपनीने त्याच्याबरोबर सगळी व्यवस्था तयार दिली होती आणि विजूने आधी तीच वापरली. एक पावसाळा बरा गेला. पुढच्या सप्टेंबरात एका दुपारी लाइट नुसती लुकलुकली. पेटीतल्या बॅटरीने खाऱ्या हवेत आधीच मान टाकलेली. पेटी बंद पडली ती लाइट आल्यावर उठलीच नाही. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून विजूला डायलिसिसला गोव्याला जावं लागे, त्या दिवशीही ती तिकडेच होती. वारा चढला, भोंगा गप्प, आणि बाबलची होडी कर्ली नदीच्या मुखाशी उलटली. तो पोहून आला. इंजिन आणि जाळं गेलं. संध्याकाळी विजू एसटीतून उतरली तेव्हा तो ओल्या कपड्यांनिशी ओटीवर बसला होता. "मी तुझ्या भोंग्याच्या भरवशावर गेलंय, विजू," एवढंच म्हणाला. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने कंपनीला फोन लावला. पेटी क्षणोक्षणी आपल्याच पोटात काहीतरी लिहीत असते, आणि लिहिता लिहिता वीज गेली की तिथलं सगळं नासतं, असं निघालं. पलीकडचा साहेब म्हणाला, मॅडम, तुम्ही पॉवर स्टेबल ठेवा. विजू पुण्याच्या मराठीत बोलत होती, ती एकदम मालवणीवर घसरली, "लाइट स्थिर ठेवूची तर आधी वारो स्थिर ठेवूक होयो, मगे माड, आणि मगे वायरमन!" इकडे सोसायटीने पेटी उतरवायचं ठरवलं. ही बैठकीत जाऊन उभी राहिली. "शिमग्यापर्यंत थांबा. नाय जमला तर मीच ती होळयेत घालतंय."

मग तिने कंपनीची सगळी व्यवस्था पुसून टाकली आणि रिकाम्या फोल्डरपासून स्वतःची रचायला घेतली. तिने मला समजावलं तसं सांगते. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा गाभा जागा होतो आणि आधी आपलं घर शोधतो. त्याला लागणारा प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक फाइल त्या घराच्या आत असते. त्या घराला इंग्रजीत रूट म्हणतात. नाव काय, तर नुसती एक तिरकी रेघ. विजू त्याला मूळघर म्हणायची. भावकी कुठेही पांगली तरी सगळ्यांच्या वाटा जिथे येऊन मिळतात, ते मूळघर. कित्येक दिवस तिच्या पडद्यावर शेवटची ओळ एकच यायची, मूळ सापडत नाही. "ह्येका मूळघर गावना नाय," असं म्हणून ती चहा ठेवायची आणि परत बसायची.

पेटीत जागा तरी केवढी, पाच-सहा फोटो ठेवले की भरेल एवढी. कंपनीने त्यात काय काय कोंबलं होतं ते ती मला वाचून दाखवायची. "ह्येच्यात प्रिंटर कित्याक? बांगडे छापूचे आसत?" प्रिंटर गेला, परदेशी भाषा गेल्या. पन्नास प्रोग्रामांची कामं करणारा एकच छोटा प्रोग्राम तिने ठेवला. नारळ खवण्यापासून मासे कापण्यापर्यंत घरात एकच विळी, आमचा आडाळो, पुरतो ना, तसा. उरलेल्या जागेत आवाज बसवला. आवाज शेजारच्या कुंदाकाकीचा. काकी बाजारात मासे विकते आणि तिची हाक बंदरापर्यंत जाते. विजूने फोन पुढे धरला आणि काकी गरजली, "वारो वाढता हा! होडये भायर काढू नकात! भायर आसत ते परत येवा!" आणि काय वाटलं कोण जाणे, पुढे म्हणाली, "आयकूचा नसात तर मरा थंयच!" या शेवटच्या वाक्याला जागा नव्हती. ते बसवायला विजूने आणखी दोन प्रोग्राम उपटले.

पेटी सुरू होताना एकेक काम जागं होतं आणि त्यापुढे 'ओके' उमटतं. "आपण ओके म्हणतंव?" विजूने मला विचारलं. "गाराण्यात काय म्हणतत?" आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण मागणं मागतो आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिने तेच घातलं. पेटीच्या दोन ओळींच्या हिरव्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून ते रोमन अक्षरांत कसं लिहावं यावर मी, मराठीची शिक्षिका, तिच्याशी दोन दिवस वाद घातला. अर्थात हरले.

लिहिता लिहिता नासण्याचं दुखणं मात्र बाकीच होतं. दिवाळी झाली आणि कुंदाकाकी अंगणातलं खळं करायला बसली. माती चोपायची, शेणाने सारवायचं, वर मांडव घालायचा. विजू पायरीवर बसून बघत होती. मी म्हटलं, "एवढं करायचं आणि पावसात सगळं वाहून जायचं." काकी मान वर न करता म्हणाली, "जाता ता जांवदे. घर रवला म्हणजे झाला." विजू उठली आणि चप्पल न घालताच आपल्या घरी गेली... त्या आठवड्यात तिने मूळघराला कुलूप घातलं. वाचायचं सगळ्यांनी, लिहायचं कोणीच नाही. लिहायचं ते बाहेरच्या खळ्यात, म्हणजे वीज गेली की आपोआप पुसली जाते त्या स्मृतीत. लाइट गेली तर खळं वाहून जाईल, घर उभं राहील. लाइट आली की खळं नवं.

शिमग्याला तिने सोसायटीच्या माणसांना शेडीत बोलावलं. डायलिसिसने दमलेली होती, उपड्या होडीवर बसून राहिली. म्हणाली, येईल त्याने मेन स्विचचा खटका, म्हणजे बॅटरीचीही वीज तोडणारा, पाडायचा आणि परत वर करायचा, पेटीला मात्र कोणी हात लावायचा नाही. आधी माणसं बिचकली, मग त्यांना गंमतच वाटायला लागली. दिवसभर खटके पडत होते. पेटी दर वेळी उठत होती आणि हिरव्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. वारो, व्हय म्हाराजा. दाब, व्हय म्हाराजा. भोंगो, व्हय म्हाराजा. शेवटी बाबल उठला. त्याने खटका पाडला, वर केला, पडदा पुरता वाचला आणि बहिणीशेजारी जाऊन बसला. मी विजूला म्हटलं, आता तरी विश्रांती घे. ती म्हणाली, "मी नसलंय तरी उठूक होयी ती. तेच्यासाठीच केलंय." तिला ठाऊक होतं, आणि मलाही. मी उगाच पडद्याकडे बघत राहिले.

विजूला जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि मोठं वादळ आलं. भोंग्यातून काकी वेळेवर ओरडली, होड्या आत आल्या. मग माड पडले, तारा तुटल्या आणि लाइट गेली. नवी बॅटरी दिवसभर टिकली, मग पेटीही विझली. वाडी बरेच दिवस अंधारात होती. लाइट आली त्या सकाळी मी, बाबल आणि सोसायटीचे दोघे शेडीत पत्रे उचलत होतो. शेडीतला दिवा लागला, पेटी मात्र अजून काळी. एकाने सवयीने हात पुढे केला. "हात लावू नको," बाबल म्हणाला. "विजू सांगान गेलाहा."

आम्ही उभे राहिलो. पडदा हिरवा झाला... वारो. दाब. भोंगो. आणि प्रत्येक ओळीला, पडद्याच्या आधीच, बाबल हलक्या आवाजात म्हणत होता, व्हय म्हाराजा.

तेव्हा विजूचं काम अर्धवट राहिलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या शेडीत यावं. खटका दाराच्या डाव्या हाताला आहे. खुशाल पाडा, मग वर करा आणि मागे सरून उभे राहा. पेटीला मात्र हात लावायचा नाही.