लाँड्रीवाल्या मावशीची बोटं

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं, कारण डोकं इतकं फिरलंय की काहीबाही लिहून बसेन. पण गप्प बसणं मला जमत नाही.

आमच्या हॉस्टेलखालच्या लाँड्रीतली मावशी तुम्हा सगळ्यांना माहितीये. लेकीला कडेवर घेऊन सीमा ओलांडून आली, कारण तिकडं घरच उरलं नव्हतं. ती लेक आता आठवीत आहे. मावशीच्या तोंडाला लगाम नाही. माझ्या शर्टाची कॉलर बघून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "कॉलेजला जातेस का नांगराला?" आणि तुटलेलं बटण न सांगता लावून दिलं.

गेल्या आठवड्यात तिला परवान्याच्या कचेरीत बोलावलं. इथं राहायचा परवाना पुढं चालू ठेवायचा तर बोटांचे ठसे जुळायला हवेत. नेमके आदल्या दिवशी लाँड्रीत निळे पडदे आले, रंग कच्चा, मावशीचे हात मनगटापर्यंत निळे. असे हात घेऊन साहेबापुढं जायचं कसं? तिनं ब्लीच घेतलं, घासणी घेतली आणि रंग जाईपर्यंत बोटं घासली. लेक म्हणत होती, आई पुरे, साल निघेल. ही ऐकेल तर शपथ. चार माणसांत जायचं तर हात तरी स्वच्छ नकोत का, म्हणे.

मशीनला ठसे दिसेचनात. सोडा आणि वाफेनं बोटं आधीच झिजलेली, उरलंसुरलं तिनं स्वतःच घासून काढलं होतं. साहेब म्हणाला, ओळख लपवायला मुद्दाम पुसलेत. मावशी सांगत राहिली, नुसते हात धुतलेत हो. त्याला पटेना. जन्मात स्वतःचा रुमाल धुतला असता तर पटलं असतं. तिथूनच तिला उचलून गावाबाहेरच्या कोठडीत टाकलं. आता सीमेपार धाडणार.

कसला डोंबलाचा न्याय हा? मी रेघेच्या अलीकडं जन्मले यात माझं कर्तृत्व काय? आईच्या पोटातून पत्ता निवडून आले होते? सरकारनं सीमा राखावी, राखू दे. पण जिनं अख्ख्या गल्लीचे कपडे धुतले तिच्याबद्दल गल्लीला एका शब्दानं विचारायचं नाही? मशीन मुकी म्हणून बाई खोटी?

लाँड्रीचा मालक तर बिळात शिरलाय. धंद्याला झळ नको म्हणे.

काल लेकीला घेऊन कोठडीवर गेले. काचेपलीकडून मावशीनं आधी लेकीला भांग वाकडा पडलाय म्हणून झापलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "साहेब विचारतो, इथं तुला ओळखतं कोण? काय सांगू गं त्याला?"

माझा नुसता संताप झाला.

निघताना दारावरच्या बाईनं सांगितलं, सोमवारी सुनावणी आहे. त्याआधी कोणी तिला भेटून, हिला ओळखतो असा जबाब इथं दिला तर तो ग्राह्य धरतात. नातेवाईकच लागतो असं नाही.

तेव्हा या पोस्टखाली रडकी तोंडं टाकू नका. दुपारी भेटू देतात. ओळखपत्र घ्या, सोमवारच्या आत जा आणि मावशीला भेटा.