जसुमतीबेनचं नाक

माझ्या सासूबाईंचं नाक तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं. एका तापात वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. ही गोष्ट मला, माझ्या नवऱ्याला, आणि नडियादच्या आमच्या खडकीत एकाच दरवाज्याआड राहणाऱ्या बाकीच्या दहा घरांना, कुणालाच ठाऊक नव्हती.

गंमत म्हणजे नाक शाबूत असताना बांना, म्हणजे माझ्या सासूबाई जसुमतीबेनना, जेवढा मान होता, त्याच्या दुप्पट ते गेल्यावर झाला. चैत्रात मैदानावर मसाल्याचे मांडव पडतात आणि खडकीतल्या बायका वर्षाची बेगमी करायला निघतात. मिरची, हळद, धणे-जिरे. समोर निवडून घ्यायचं, डंखाच्या गिरणीवर कुटून आणायचं, एरंडेलाचा हात लावून बरणीत दाबून भरायचं आणि वर हिंगाचे खडे पेरायचे. माल चुकला की अकरा घरं वर्षभर ती चूक जेवणार. म्हणून जसुमतीबेन पुढे, बाकीच्या मागे. बा मूठभर मिरची नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मान हलवत. उभी हलली तर घ्यायची, आडवी हलली तर पुढचा मांडव. या मानेवर एवढा भरवसा, की समोरच्या मंजुलाबेननी मुलीला बघायला आलेला मुलगासुद्धा आधी बांना दाखवला होता.

घरात बांचं राज्य म्हणजे मसाल्यांचं फडताळ. तीन फळ्या, एकवीस डबे-बरण्या आणि एकावरही चिठ्ठी नाही. चिनी मातीची बरणी, पितळी डबा, बिस्किटांचा गंजका डबा, सरबताची बाटली, जे हाती लागलं त्यात मसाला. ‘‘ज्यांना आपलंच घर माहीत नसतं, त्यांनी चिठ्ठ्या चिकटवाव्यात,’’ असं त्या म्हणत. लग्नानंतर दोन वर्षं मला ते फडताळ फक्त पुसायची परवानगी होती, तीही कोरड्या फडक्याने. पुढची सात वर्षं मी फोडणी टाकली की मागून आवाज येई, ‘‘धृती, देवाने तुला नाक चमकी घालायलाच दिलंय हो.’’ आता कळतं, त्यातली तीन वर्षं त्या नुसत्या डब्यांच्या जागेवर स्वयंपाक करत होत्या. डाव्या हाताचा तिसरा पितळी डबा म्हणजे धणे-जिरे, त्याच्यामागचा गंजका डबा म्हणजे चहाचा मसाला. हात चुकत नव्हता, म्हणून नाकाची झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

ती मूठ मी उघडली. चैत्री पौर्णिमेला बा दोन दिवस डाकोरला दर्शनाला गेल्या होत्या. मी एकवीस सारख्या, पारदर्शक, हिरव्या झाकणाच्या बरण्या आणल्या, सगळ्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आणि मुळाक्षरांच्या क्रमाने रांगेत मांडल्या. बिस्किटांचा डबा भंगारात दिला. नवऱ्याला, निमेषला, सांगितलं, बांची सोय व्हावी म्हणून केलं. खोटं कशाला सांगू, नऊ वर्षांचा राग होता तो. मला त्यांची सोय नको होती, फडताळ हवं होतं.

बा परतल्या त्याच सकाळी पेटलादहून माझे आईवडील आले. माझे वडील जुन्या वळणाचे, मुलीच्या सासरी पाणीसुद्धा घेत नाहीत. बांनी आग्रह करकरून त्यांना हा नेम चहापुरता मोडायला लावला होता, त्यामुळे तो चहा बाच करत. त्या आत आल्या, फडताळ उघडलं आणि हात सवयीने गंजक्या डब्याच्या जागी नेला.

‘‘हा काय दवाखाना मांडलायस?’’

‘‘चिठ्ठ्या आहेत बा. चष्मा आणून देऊ?’’

‘‘माझ्या स्वयंपाकघरात मला चष्मा लागत नाही.’’

त्यांनी रंग बघून एक बरणी काढली. झाकण उघडून नाकाशी नेली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि मान उभी हलवली. मग त्यातले दोन चमचे उकळत्या चहात घातले. बरणी धण्या-जिऱ्याची होती.

मला वाटलं, सूड घेतायत. माझ्या बरण्यांचा राग माझ्या बापावर काढतायत! म्हटलं, बघूया कुठवर जातात. वडिलांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले, पण मुलीच्या सासरी तोंड वाकडं कसं करणार? बिचाऱ्यांनी कप संपवला. आईने अर्धा बशीत ओतून पदराआड ठेवला. बांनी मात्र आपला चहा चवीने प्यायला आणि म्हणाल्या, ‘‘आज मसाला छान उतरलाय, नाही?’’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाजच सांगायची तर मला आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी मांडवात जायचं होतं. ठरवलं, तिथेच सगळ्यांसमोर ही मूठ उघडायची.

दुसऱ्या दिवशी दहा घरच्या दहा बायका आणि आम्ही दोघी आमच्या नेहमीच्या मसालेवाल्या शांतिभाईंच्या मांडवात उभ्या होतो. यंदा शांतिभाईंच्या जागी त्यांचे जावई बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी रेशमपट्टी मिरचीचं पोतं उघडलं. रंग असा लालभडक, की बायका आधीच पिशव्या उघडू लागल्या. मी पोत्याजवळ होते. मला कुबट वास आला, बंद खोलीत वर्षभर पडलेल्या मालाचा.

बांनी मूठ भरून नाकाशी नेली. या वेळी डोळे मात्र मिटले नाहीत. त्या जावईबापूंकडे टक लावून बघत होत्या आणि त्या काळ्या काचांत त्यांना काहीच दिसत नव्हतं. बांच्या कपाळावर घाम आला. मूठ त्यांनी दुसऱ्यांदा नाकाशी नेली. नऊ वर्षांत मी बांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

‘‘काय जसुबेन, घ्यायची ना?’’ मंजुलाबेन म्हणाल्या.

मान हळूहळू उभी हलायला लागली. मी फक्त गप्प राहायचं होतं. आषाढापर्यंत अकरा घरांत कुबट डाळ शिजली असती आणि बांचं नाव कायमचं गेलं असतं. मी तेवढ्यासाठीच तर आले होते.

‘‘बा,’’ मी मोठ्याने म्हटलं, ‘‘तुम्ही मला मघाशी पोत्याजवळ खुणावलंत ना, कुबट आहे म्हणून? ते सगळ्यांना सांगा की! नाहीतर या घेऊन बसतील.’’

बांनी माझ्याकडे बघितलं. मान जिथे होती तिथून आडवी वळली.

‘‘सांगणारच होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला मध्ये बोलायची फार घाई.’’

पुढच्या मांडवात मी नुसती बांच्या पाठीशी उभी राहिले. चांगल्या मिरचीपाशी त्यांच्या कमरेला बोट लावलं आणि मान उभी हलली. बायका खूष झाल्या. वाटेत मंजुलाबेन म्हणाल्या, ‘‘जसुबेनचं नाक म्हणजे नाक!’’

परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच होतो, मांडीवर कुटलेल्या मिरचीच्या गरम पिशव्या. बा बाहेर बघत होत्या.

‘‘कधी कळलं तुला?’’

‘‘काल. चहाला.’’

‘‘मी तीन वर्षं मिरचीचा नाही, शांतिभाईच्या तोंडाचाच वास घेत होते. माल हलका असला की त्याची नजर हलते.’’ मग म्हणाल्या, ‘‘मी तुझ्या जागी असते ना, तर गप्प राहिले असते.’’

‘‘माहीत आहे बा. मीही राहणारच होते.’’

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पिशवीचं तोंड सोडून माझ्यापुढे धरलं आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘‘सांग ना, वास कसा येतोय?’’

मी हुंगलं. म्हटलं, थोडा गोडसर आहे, थोडा उन्हासारखा, आणि शेवटी घशात जरा चावतो.

‘‘धड सांगतासुद्धा येत नाही तुला,’’ बा म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. ‘‘परत सांग.’’