नाळ कापली, असे मोठ्याने म्हणा

डॉ. पाठक सर कळमनुरीतल्या माझ्या नव्या प्रसूतिगृहात पहिल्यांदा भूल द्यायला आले, त्याच दिवशी मी त्यांच्यावर वैतागले. सिझेरियन होते, बाईला पूर्ण भूल दिलेली. "नाळ कापली का?" असे सरांनी विचारले तेव्हा मी नुसती मान हलवली. "मान नको, मॅडम. नाळ कापली, असं मोठ्यानं म्हणा." सगळ्या स्टाफसमोर मला शाळेतल्या मुलीसारखे म्हणावे लागले.

कारण मागाहून कळले. फेंटॅनिलसारखे वेदनाशामक नाळेतून बाळापर्यंत पोचते, त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून सर ते नाळ कापल्यावरच देतात. पूर्वी एका दवाखान्यात त्यांनी "आलं का?" विचारले आणि दारातून तिथल्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "व्हय, आलं." आले होते रक्तपेढीतून मागवलेले रक्त, बाळ अजून पोटातच होते. सरांनी वाकून पाहिले म्हणून निभावले. तेव्हापासून हा जाच त्यांच्याबरोबर काम करणारे आपण सगळेच सोसतो.

आणि मग सरांनी स्वतःच तो नियम मोडला. आखाडा बाळापूरची एक सून आली. रक्तदाब भयंकर वाढलेला, प्लेटलेट कमी, त्यामुळे पाठीतले इंजेक्शन देता येईना, पूर्ण भूलच द्यावी लागणार होती. बाळाचे ठोकेही मंदावत होते. मी तयार, आणि सर म्हणतात, बालरोगतज्ज्ञ येईपर्यंत थांबा. माझा नुसता संताप झाला. बालरोगतज्ज्ञ आले, तर सरांनी आधी फेंटॅनिलच उचलले.

"सर, लेकरू आत आहे."

"ठाऊक आहे. हे न देता घशात श्वासाची नळी घातली आणि हिचं बीपी उसळलं, तर मेंदूत रक्तस्राव होईल. लेकराचा श्वास आपण चालवू शकतो."

बाळ मलूल निघाले. बालरोगतज्ज्ञांनी मास्क लावून श्वास दिला, तेव्हा कुठे ते रडले. बाहेर सासूबाई म्हणाल्या, "लेकरू रडून राहिलं, पण सून काहून बोलून न्हाई राहिली?" सर सुनेच्या उशाशीच उभे होते. तिने डोळे उघडून हाक ओळखली, मगच ते बाहेर गेले आणि सासूबाईंना हात धरून आत घेऊन आले. त्या क्षणी मला सरांच्या पाया पडावेसे वाटले.

आज सरांची पंचाहत्तरी. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असे लिहिताना माझा हात अडतो, कारण सरांना स्वतःला रक्तदाब आहे आणि गोळी ते आठवली तर घेतात. घरी काकूंनी सांगून पाहिले, मी भांडून पाहिले. सर, शुभेच्छा देऊन आमचे भागत नाही. आम्हाला तुम्ही हवे आहात. गोळी घ्या.